रात्रीचा क्रॉन पुरत असताना काफ्का कशाला?

जुनाखोंड
"अजून रात्रीच्या क्रॉनवर डेटा हलवणारे डेव्हलपरच नव्हेत," असं काल इथे एकाने ठोकून दिलं. डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितो. आमच्याकडे क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी काम सुरू करणारं साधन, रात्री २ वाजता शंभरेक ओळींची पायथन स्क्रिप्ट उठवतो; ती अपडेटेड-ॲट, म्हणजे रो (टेबलातली ओळ) शेवटची कधी बदलली ती वेळ, बघून बदललेल्या रो उचलते आणि रिपोर्टसाठीच्या दुसऱ्या पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये टाकते. ६ वर्षं झाली. मध्यंतरी एका आर्किटेक्टने काफ्का (बदल घडताक्षणी प्रवाहासारखे पुढे नेणारी यंत्रणा) आणि डेबेझियम (डेटाबेसमधले बदल टिपून काफ्काला देणारं टूल) बसवलं. साहेब नोकरी सोडून गेले, काफ्का आमच्या गळ्यात. लिंक्डइनने तो स्वतःच्या रगाड्यासाठी बनवला आणि २०११ मध्ये खुला केला. तुमचा रगाडा तेवढा आहे का?

रात्रपाळी
साफ असहमत. डिलीट झालेली रो तुमच्या स्क्रिप्टला कशी कळते? रोच उरली नाही, तर तिचं अपडेटेड-ॲट कुठून बघणार? आमच्या रिपोर्टात खाती बंद केलेले ग्राहक दीड वर्ष नांदत होते. डेबेझियम डेटाबेसचा लॉगच, म्हणजे बदलांची नोंदवहीच, वाचतं, त्यात डिलीटही येतो.

जुनाखोंड
लॉगचं कौतुक मला नको. तेव्हा एका शनिवारी डेबेझियम झोपलं. रेप्लिकेशन स्लॉट (लॉग कुठपर्यंत वाचला याची खूण) तसाच, म्हणून पोस्टग्रेस वॉल फायली, म्हणजे तोच लॉग, जपत बसलं. सोमवारी मूळ डेटाबेसची डिस्क फुल्ल. क्रॉन पडला तर रिपोर्ट शिळा होतो, बाकी जग चालू राहतं.

रात्रपाळी
पोस्टग्रेस १३ पासून स्लॉटने किती वॉल अडवायचा याला मर्यादा घालता येते. डॉक्युमेंटेशन वाचायचा कंटाळा आणि खापर टूलवर.

जुनाखोंड
आणि मर्यादा ओलांडली की स्लॉट बाद, स्नॅपशॉट, म्हणजे अख्ख्या डेटाची नक्कल, पहिल्यापासून. हे सोयीस्करपणे गाळलंत.

स्वल्पविराम
भाग्यवान आहात, दोन्ही टोकांना डेटाबेस तरी आहे. मला मेलवर सीएसव्ही (स्वल्पविरामाने कॉलम तोडलेली साधी फाइल) येते, तीही कुणीतरी 'फक्त बघायला' एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केलेली. कोडच्या सुरुवातीचे शून्य गायब!

टॅबवाला
एक्सेलने जनुकांनाही सोडलं नाही. सेप्ट१ लिहिलं की १ सप्टेंबर. शेवटी जनुकांची नावं ठरवणाऱ्या एचजीएनसीने २०२० मध्ये त्याचं सेप्टिन१ केलं. म्हणजे शास्त्रज्ञच शरण!

स्वल्पविराम
त्याच वर्षी इंग्लंडात १५,८४१ कोविड रुग्ण आकडेवारीतून गळले. एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस फाइलीत ६५,५३६ च्या वर रो मावत नाहीत.

टॅबवाला
सीएसव्हीच बंद करा. टॅबने तोडा. पत्त्यात स्वल्पविराम येतो, टॅब येत नाही.

स्वल्पविराम
येतो हो, कॉपी-पेस्टमधून हमखास येतो. मी एक अख्खा आठवडा त्यात घालवलाय. स्वल्पविराम असलेलं फील्ड अवतरणचिन्हांत घाला, असं सीएसव्हीचं स्वरूप सांगणाऱ्या आरएफसी ४१८० या दस्तऐवजात २००५ पासून लिहिलंय. पाळतं कोण?

जुनाखोंड
एक्सेलचा इथे काय संबंध? वेगळा धागा काढा की!

स्वल्पविराम
क्रॉन असो नाहीतर काफ्का, माझी घाण दोन्हींतून तितक्याच इमानाने वाहील. आत घेण्याआधी कॉलम, तारखा, एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) तपासता? हो की नाही?

रात्रपाळी
नाही तपासत. झालं समाधान?

जुनाखोंड
रात्रपाळी, तुमच्या नादाने दोन्हीकडच्या रो मोजल्या. आमच्याकडे ४१२ जास्त. काफ्का परत आणणार नाही ते नाहीच. दर रविवारी अख्खं टेबल नव्याने भरायला दुसरा क्रॉन लावलाय.

रात्रपाळी
म्हणजे शनिवारपर्यंत डिलीट झालेल्या रोंची भुतं राहणारच. चालू द्या.