मदत हवी आहे: नोटिशीआधी मिळणारा अंतरिम संरक्षण आदेश आणि सासूच्या नावावरचं घर

नमस्कार मंडळी, कौटुंबिक प्रकरणं चालवणारे कुणी वकील असतील तर जरा सांगा.

मामेबहिणीला नवऱ्याने मारून घराबाहेर काढलं. ती माहेरी आहे, पण तो तिथेही येऊन धमकावतो. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम 12 चा अर्ज माहेरच्या तालुक्यातच करतोय. ती राहते तिथे करता येतो, एवढं बरं आहे. पहिली तारीख साधारण 3 दिवसांत मिळावी असं कायदा म्हणतो (प्रत्यक्षात ती लांबते, हे कोर्टाची पायरी चढलेल्यांना माहीत आहे). म्हणून कलम 23 खाली, नोटीस बजावण्याआधीच, एकतर्फी अंतरिम आदेश मागायचाय. सोबत नमुना 3 चं प्रतिज्ञापत्र लागतं, तेही कळलं.

अडलंय घरापाशी. फ्लॅट सासूच्या नावावर आहे. सतीश चंदर आहुजा प्रकरणात 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने सासरच्या नातेवाइकांचं घरही ‘सामायिक घर’ (म्हणजे मालकी नसली तरी जिथे राहण्याचा हक्क सुनेला मागता येतो असं घर) ठरू शकतं असं म्हटलंय. मग सासूलाही सामनेवाले करायचं का? आणि घरात परत राहू देण्याचा आदेश एकतर्फी मिळतो का, की त्या टप्प्यावर कोर्ट फक्त ‘जवळ येऊ नये, फोन करू नये’ इतकंच देतं?

दुसरं, कलम 31 ची शिक्षा (1 वर्षापर्यंत कैद किंवा 20,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही) संरक्षण आदेश मोडल्याबद्दल आहे. निवासाचा आदेश मोडला तर काय करायचं? कलम 18 (संरक्षण आदेश) आणि 19 (निवासाचा आदेश) दोन्हीखाली मागणी करावी का?

संरक्षण अधिकाऱ्यांचा (या कायद्याखाली पीडितेला मदत करायला नेमलेले सरकारी अधिकारी) अहवाल अजून आलेला नाही, त्यासाठी थांबणार नाही. प्रत्यक्ष अनुभव असेल तर तो आधी लिहा.