शालीची जाळीदार किनार: टाके बंद करू नका

शाल विणून झाली की टाके बंद करायचे, म्हणजे सुईवरून उतरवून कड पक्की करायची, आणि लेस वेगळी विणून शिवायची, असं काही जण सुचवतात. माझं मत वेगळं आहे. बंद केलेली कड फारशी ताणत नाही, मग धुऊन वाळवताना लेसची टोकं, म्हणजे कडेचे दाते, नीट उघडत नाहीत.

शालीचे टाके गोल सुईवर (मधे लवचीक दोरी असलेल्या जोडसुईवर) तसेच राहू द्या आणि तिथेच किनारीचे आठ-दहा टाके नव्याने घाला. किनार विणत बाहेर जायचं, आणि परत येताना तिचा शेवटचा टाका शालीच्या एका टाक्याबरोबर एकत्र विणायचा. म्हणजे किनारीच्या दोन ओळींत शालीचा एक टाका संपतो. नक्षी १० ओळींची असेल तर एका टोकाला ५ टाके. शालीवर ३०० टाके असतील तर बरोबर ६० टोकं. हा हिशेब आधीच करा, कमीजास्त टाके शेवटच्या साध्या ओळीत जुळवून घ्या. कोपऱ्यावरच्या टाक्याला मात्र किनार दोन-तीनदा जोडा, नाहीतर कोपरा आखडतो.

स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांवरच्या बायका पूर्वी उलट्या क्रमाने जात: आधी किनार, मग तिच्या कडेने टाके उचलून आत मध्यापर्यंत. तिथल्या अन्स्ट बेटावरच्या शाली अंगठीतून आरपार जातील इतक्या तलम! धुतल्यावर त्या लाकडी चौकटीवर ताणून वाळवत. घरी गादीवर चादर टाकून प्रत्येक टोकाला टाचणी लावली तरी चालतं, फक्त न गंजणाऱ्या घ्या.