एअर ॲम्ब्युलन्स आली म्हणून आता कोणी दगावणारच नाही का?

रामबागकर: मंडळाच्या ग्रुपवर काल एका महाशयांनी लिहिलं, "पीएम श्री एअर ॲम्ब्युलन्स आहे, आता मध्यप्रदेशात उपचाराअभावी कोणी दगावणार नाही." म्हणजे राज्य सरकारची, पेशंटला विमानाने हलवायची सेवा. डोकंच फिरलं. 2024 मध्ये सेवा सुरू झाली तेव्हा एक विमान, एक हेलिकॉप्टर. प्रदेश केवढा! आयुष्मान कार्डावर फुकट, कबूल. पण सीएमएचओची, म्हणजे जिल्ह्याच्या मुख्य आरोग्य अधिकाऱ्याची शिफारस, मग वरून मंजुरी, मग उड्डाण. आपल्या इंदूरजवळ मानपूरच्या घाटात ट्रक उलटला तर धावते ती 108च. तो पैसा जिल्हा रुग्णालयांच्या आयसीयूत घाला.

आयसीयूवाली ताई: काका, अपघातानंतरच्या पहिल्या तासासाठी ही सेवा नाहीच मुळी! बुऱ्हाणपूरला व्हेंटिलेटरवर असलेला पेशंट इंदूरला आणायचा, इथला भाजलेला पेशंट मोठ्या शहरात न्यायचा, त्यासाठी आहे. शिवाय प्रत्येकाला उडवता येत नाही. छातीत हवा साठली असेल तर वर गेल्यावर ती फुगते, आधी छातीत नळी घालून ती काढावी लागते. हे डॉक्टर ठरवतात, ग्रुप नाही.

रामबागकर: नियम मलाही कळतात. आमच्या साडूंसाठी खाजगी विमान ठरवलं, लाखांत पैसे मोजले. पेशंट विमानात, आणि तिकडचं हॉस्पिटल म्हणतं बेड अजून पक्का नाही! विमान धावपट्टीपाशी उभं, आम्ही फोनवर. त्यावर काय म्हणणं आहे?

ताई: बेड पक्का केल्याशिवाय पेशंट हलवलाच कोणी?

पलासियावाला: भिया, विमान राहू द्या. विमानतळावरून निघालेली ॲम्ब्युलन्स बडा गणपती चौकात बारातीत अडकते त्याचं बोला. डीजेपुढे नवरदेवाचे काका नाचताहेत, सायरन ऐकतंय कोण! ॲम्ब्युलन्सची वाट अडवली तर मोटार वाहन कायद्याच्या 194ई कलमाखाली दहा हजार दंड आहे. पावती फाडलेली कोणी पाहिलीय?

सराफ्याची सून: अवयवदानाच्या वेळी हेच शहर ग्रीन कॉरिडॉर, म्हणजे ॲम्ब्युलन्ससाठी रस्ता मोकळा करून दाखवतं. म्हणजे जमतं. रोज का नाही?

पलासियावाला: कारण तेव्हा चौकाचौकात पोलीस असतो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो.

सराफ्याची सून: बारातीला बोलता, मग अनंत चतुर्दशीच्या झांक्या, त्या चित्ररथांच्या मिरवणुका? रात्रभर राजवाडा जाम!

रामबागकर: झांक्यांना मधे आणायचं नाही! मिल कामगारांची परंपरा आहे ती. आमचे वडील हुकुमचंद मिलमध्ये होते.

सराफ्याची सून: वडिलांबद्दल आदर आहेच. पण हार्ट अटॅक परंपरा विचारून येत नाही.

पलासियावाला: झांक्यांचा मार्ग निदान आधी जाहीर होतो. बारातवाला कोणाला विचारतो?

ताई: विषय कुठून कुठे गेला! काका, जिल्ह्यात आयसीयू हवा हे मीही म्हणते. पण न्यूरोसर्जन प्रत्येक जिल्ह्यात आणणार कुठून? तोवर पेशंट हलवावाच लागणार.

रामबागकर: बरं, उडवा तुमचं विमान. खाली उतरल्यावर बारातीतून वाट काढायला पलासियावाल्यांना पाठवू.

पलासियावाला: मी तयार आहे. दंडाची पावती कोण फाडणार तेवढं सांगा.