शिवाजी पार्कची धूळ: माती काढायची की गवत लावायचं?

कट्टेकर: १९२५ साली खुलं झालेलं, १९२७ मध्ये महाराजांचं नाव मिळालेलं हे २८ एकरांचं मैदान धुळीनं गुदमरतंय. मैदानाभोवतीच्या बसायच्या कट्ट्यापासून उद्यान गणेश मंदिरापर्यंत तांबूस थर असतो. बुटाखाली तांबड्या मातीचं पीठ होतं आणि दुपारी समुद्राकडून वारा सुटला की ते पूर्वेकडच्या घरांत शिरतं. पाणी मारून भागणार नाही. १,१३,००० चौरस मीटरवर नुसतं १ मिलिमीटर पाणी म्हणजे १,१३,००० लिटर, १०,००० लिटरचे अकरा-बारा टँकर. एप्रिलच्या उन्हात ते काही तासांत उडतं. वरचा थर खरवडून काढा.

खेळपट्टी: हिशेब मांडा. निम्म्या मैदानावरून १५ सेंटिमीटर काढले तरी ८,५०० घनमीटर माती निघते. १० घनमीटरच्या डंपरला ८५० फेऱ्या, आणि खोदलेली माती फुगते ती वेगळी. शिवाय मैदान अर्धा फूट खचलं की जुलैत तळं साचणार. त्यापेक्षा जूनमध्ये हरळीचे ठोंब वीतभर अंतरावर लावा आणि दोन-अडीच महिने पाय पडू देऊ नका.

कट्टेकर: पुढे काय? दसरा मेळावा येतो, मग ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणाऱ्यांसाठी मंडप. ही गर्दी मैदानाच्या हक्काची आहे, ती हलवा असं मी कधीच म्हणणार नाही. पण मंडपाखाली उजेड मिळत नाही, हरळी पिवळी पडते आणि रोजच्या नेट्समध्ये उरलीसुरली उखडते.

मातीपाणी: तांबडी माती लागते ती खेळपट्टीला. चिकण अंशामुळे ती पाणी आणि रोलरनं घट्ट बसते. एक खेळपट्टी २०.१२ बाय ३.०५ मीटर, म्हणजे ६१ चौरस मीटर. तीस धरल्या तरी मैदानाचे दोन टक्केही होत नाहीत! बाकी ठिकाणची फक्त सुटी माती, वरचे २-३ सेंटिमीटर, मे महिन्यात काढा. उतार गटाराकडे, १०० मीटरला १ मीटर. मग दर पावसाळ्यात चौथाई मैदान बंद ठेवून हरळी. पाणी पहाटे ४ वाजता द्या, म्हणजे मुरेल.

खेळपट्टी: चौथाई-चौथाईला चार वर्षं लागतील. उघड्या भागातली धूळ तोवर उडतच राहणार.

मातीपाणी: म्हणून पहिला तुकडा पूर्वेचा. वारा पश्चिमेचा असल्यानं तिथली हरळी निदान जमिनीलगत सरकणारी माती अडवेल. कट्ट्याच्या आतून लोक चालतात ती वाट मात्र सोडा, तिथे गवत टिकत नाही.

कट्टेकर: पूर्वेपासून सुरुवात पटली. पण मेमधली खरवड आधी, ती झाल्याशिवाय एकही ठोंब लावू नका.