जास्वंदीवरचे बारके कोळी: चावतात का, आणि बघायचे कसे?

पाचगावची_बाग
घरामागं छोटी बाग आहे, जास्वंद, मोगरा, कढीपत्ता, चार कुंड्यांत टोमॅटो. पाऊस उघडल्यापासनं जिकडं बघंल तिकडं बारके कोळी दिसायलेत. एक पिवळट-पांढरा, पाठीवर दोन तांबडे पट्टे, जवळ गेलं तर पळत नाही, उलट वळून आपल्याकडंच बघत बसतोय. दुसऱ्यानं जास्वंदीच्या फांद्यांत जाळं केलंय आणि त्यात पांढऱ्या नागमोडी रेघांची फुली काढलीय. सासूबाई म्हणतात औषध मार, पोराला चावतील. मला मारायचे नाहीत ओ, पोरगा शाळेतनं आला की आधी तिकडंच पळतोय. आणि मोबाईल फोकसच घेत नाही, काय करायचं?

किडेमामा
ताई, औषध अजिबात मारू नका. दाबून धरला तर एखादा चावंल, पण हे दोन्ही माणसाला धोक्याचे नाहीत.
दोन पट्टेवाली टेलामोनिया, उडी मारणाऱ्या कोळ्यांतली मादी. नर काळपट असतो, वेगळीच जात वाटावी इतका. ह्यांना शिकारीला जाळं लागत नाही, आठ डोळ्यांतले पुढचे दोन लई मोठे, म्हणून तुमच्याकडं वळून बघतेय. उडी घ्यायच्या आधी धागा चिकटवून ठेवते, उडी चुकली तर लोंबकळून परत वर येते, हे पोराला दाखवा. फुलीवाली सिग्नेचर स्पायडर. ती फुली कशासाठी यावर अभ्यासकांचंच एकमत नाही. जाळ्याजवळ बोट न्या, अख्खं जाळं गदागदा हलवंल.
आणि आपल्या तुकाराम ओंबळेंचं नाव पण एका उड्या मारणाऱ्या कोळ्याला दिलंय, २०२१ ला, आयसियस तुकारामी. ठाण्याकडं सापडला तो.

शाहूपुरी_क्लिक
मोबाईलला क्लिपवाली मॅक्रो लेन्स लावा आणि सकाळी लवकर बघा, ऊन चढलं की ते चपळ होतात. आपली सावली अंगावर पडू द्यायची नाही, नाहीतर पानाखाली गेलाच. रात्री टॉर्च कपाळाला लावून गवतात बघा, हिरवे ठिपके चमकले तर लांडगा कोळी, त्याचे डोळे असतात ते. आणि हो, जास्वंदीवरच्या मुंग्या पण नीट बघा, त्यात एखादी खोटी असते.

पाचगावची_बाग
खोटी म्हणजे?

शाहूपुरी_क्लिक
मुंगीचं सोंग घेतलेला कोळी. पुढचे दोन पाय वर धरून मिशांसारखे हलवत फिरतोय. पाय मोजा, आठ भरतील. फांदी हलवली की धाग्यावरनं खाली सुटतो, मुंगी तसं करत नाही. नराचे जबडे एवढे लांब की मुंगीनं तोंडात काहीतरी धरलंय असंच वाटतं.

पाचगावची_बाग
पोरगं आत्तापासनंच पाय मोजत बसलंय 😄 अजून एक, फुलीवालीच्या जाळ्याशेजारी पानाला पुडीसारखं काहीतरी चिकटलंय, काढू का?

किडेमामा
काढू नका, अंडी असणार त्यात. पिल्लं निघाली की शेंड्यावर चढून धागा सोडतात आणि वाऱ्यावर उडून जातात. सगळी काय तुमच्याच बागेत राहत नाहीत, सासूबाईंना तेवढं सांगा.