फियाट पॅलिओ १.६ जीटीएक्स कार: हवा काढूनही ब्रेक पेडल मऊच

पोवईनाका_सातारा
पुढे डिस्क, मागे ड्रम, एबीएस नाही. पहिल्या दाबाला पेडल अर्ध्याच्या खाली जातं, लगेच दोनदा पंप केलं की वर येतं. यवतेश्वर घाट उतरताना जीव टांगणीला. ब्रेक ऑइलची लेव्हल कमी होत नाही. चारही चाकांच्या ब्रेक लाइनमधली हवा काढून घेतली, फरक शून्य. गॅरेजवाले म्हणतात मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ऑइल चाकांकडे ढकलणारा पंप) बदला. बदलू का?

मिरजेचा_पाना
थांबा, इतक्यात खर्च नको. इंजिन चालू ठेवून पेडलवर मध्यम, एकसारखा दाब अर्धा मिनिट धरा. पेडल हळूहळू खाली सरकलं आणि बाहेर कुठं ओल नाही, तर मास्टरचे रबर कप आतल्या आत ऑइल मागे सोडतायत. सरकलं नाही तर मास्टरला हात लावू नका. (इंजिन सुरू होताना पेडल जरासं खाली जातं, ते बूस्टरचं, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या भागाचं काम. तो दोष नव्हे.)

मग हँडब्रेक दोन-तीन खटके ओढून पेडल दाबा. पेडल उंच लागलं तर चोर मागच्या ड्रममध्ये: लायनर (ड्रमला आतून घासणारं अस्तर) आणि ड्रममधलं अंतर वाढलंय, पहिला दाब ते भरण्यातच जातो.

घाटवळण
नुसतं खोल जातंय की स्पंजासारखं लागतंय? स्पंज असेल तर हवा किंवा फुगणारे जुने होज (रबरी नळ्या). कॅलिपर (डिस्कला चिमटणारे भाग) खोलले असतील तर निपल (हवा काढायचा स्क्रू) वरच्या बाजूला आहे ना बघा. डावा कॅलिपर उजवीकडे, उजवा डावीकडे बसला की निपल खाली येतं आणि हवा वरच अडकून बसते.

आणि हवा काढताना पेडल तळाला टेकवू देऊ नका. जुन्या मास्टरचा एरवी न वापरला जाणारा भाग गंजलेला असतो, त्यावरून कप गेला की फाटलाच. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा.

पोवईनाका_सातारा
स्पंज नाही, खोल जातंय. अर्ध्या मिनिटात सरकलं नाही. हँडब्रेक ओढल्यावर पेडल एकदम वर!

मिरजेचा_पाना
मग मास्टरचे पैसे वाचले. आधी हँडब्रेकची केबल ढिली करा. ब्रेक लागत नाही म्हणून बरेच जण केबलच ताणून देतात, मग अ‍ॅडजस्टर (लायनर-ड्रममधलं अंतर जुळवणारा भाग) काम करत नाही. ड्रम काढा, अडकलेला अ‍ॅडजस्टर साफ करा, चाक हातानं फिरवताना लायनर जेमतेम घासेल इतपत बसवा. केबल सगळ्यात शेवटी. व्हील सिलिंडरचं (ड्रममध्ये लायनर ढकलणारा छोटा सिलिंडर) रबर उचलून बघा. आत ओल असेल तर सिलिंडर बदला, ऑइल प्यायलेले लायनरही. पॉलिश पेपर मारून ते सुधारत नाहीत.

घाटवळण
ऑइल दोन वर्षांपेक्षा जुनं असेल तर तेही बदला, डॉट ४ (डॉट म्हणजे ब्रेक ऑइलचा दर्जा). ते हवेतलं पाणी ओढतं: नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं, पाणी मुरलेलं १५५ला. डॉट ३चं तर १४०. उतारावर सतत ब्रेक धरला की वाफ होते आणि पेडल बसतं. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळू नका. पेंटवर सांडलं तर लगेच पाणी ओता.