सोयापेंड खाणारा मासा खोटा कसा?

भीमाकाठ (करमाळा): ‘पेंड आणि शेवाळ खाऊन वाढवलेला मासा ही ग्राहकाची फसवणूक आहे, माशाला मासळीच हवी,’ ही पोस्ट लिहिणाऱ्याने शेततळ्यावर एक सकाळ तरी काढली असती, तर ती लिहिली नसती. रोहू, कटला, मृगळ यांना शेंगपेंड आणि भाताचा कोंडा घालणे ही जुनी रीत आहे. रात्रभर भिजवलेले मिश्रण भोके पाडलेल्या पोत्यात भरून आम्ही ते पाण्यात बांबूला बांधतो. मासे खालून टोचे मारू लागले की पोते हलते आणि दुपारी ओढून काढावे तर आत चार मुठी तूस उरलेले असते. मत्स्यपालनात निम्म्याहून अधिक खर्च खाद्याचा असतो. २०२३ मध्ये पेरूने अँचोव्ही या छोट्या समुद्री माशाच्या मासेमारीचा पहिला हंगामच रद्द केला, तेव्हा त्यापासून खाद्यासाठी बनणाऱ्या फिशमीलचे, म्हणजे मासळीच्या पुडीचे, भाव भडकले. त्या भावाने खाद्य घेऊन आम्ही मासा कोणाला विकावा?

रस्सेवाला (सोलापूर): पोस्ट माझी आहे आणि मी तिच्यावर ठाम आहे. वडिलांच्या हृदयविकारानंतर डॉक्टरांनी मासे खायला सांगितले ते ओमेगा-३ साठी. पेंडीत डीएचए, म्हणजे माशातले ते ओमेगा-३, कुठून येणार? आणि त्यावर स्पिरुलिना या शेवाळाची पूड चोळली म्हणजे ते भरून निघते, हा दावा मला पटत नाही.

मत्स्यविद्यार्थिनी: स्पिरुलिनाबाबत आपले बरोबर आहे, तिच्यात प्रथिने भरपूर असतात, डीएचए जवळजवळ नसते. परंतु समुद्री माशातील डीएचए मुळात सूक्ष्म शैवालांतूनच अन्नसाखळीने वर चढते, त्यामुळे ते थेट शैवालाकडून घेण्यात खोटे काही नाही. नॉर्वेतील सामनच्या खाद्यात १९९० साली सुमारे ९० टक्के घटक समुद्री होते. २०१३ पर्यंत ते ३० टक्क्यांच्या आसपास आले. सोया, गहू आणि वनस्पती तेलांनी जागा घेतली, तेव्हा डीएचएची उणीव जाणवू लागली आणि म्हणूनच स्किझोकायट्रियम या डीएचए देणाऱ्या सूक्ष्मजीवाचे तेल आले. ब्राझीलमध्ये असे तेल उसाच्या साखरेवर काढले जाते. इतके साखर कारखाने असलेल्या आपल्या जिल्ह्याने हे लक्षात घ्यावे. मात्र रोहू-कटल्यासाठी ते महागडे तेल घालणे अनावश्यक आहे, कारण गोड्या पाण्यातील हे मासे जवसासारख्या तेलातील लिनोलेनिक आम्लापासून (हेही एक ओमेगा-३) थोडे डीएचए स्वतः बनवतात.

बार्शीकर शेतकरी: सोया खाद्यात जाते म्हणून सगळे खूश आहेत, पण पिकवणाऱ्याचे काय? २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. ओलाव्याचे कारण सांगून व्यापाऱ्याने मला त्याहून बराच कमी दिला. पेंड स्वस्त म्हणताना ती कोणाच्या खिशातून स्वस्त झाली, हेही लिहा.

उजनीप्रेमी (भिगवण): माझा आक्षेप पाण्याचा आहे. सोयातील फॉस्फरसचा मोठा भाग फायटेट या संयुगात अडकलेला असतो. माशाला तो पचत नाही, विष्ठेतून तळाशी जातो. पुण्याचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत येऊन उजनीचे पाणी आधीच हिरवे करते. त्यात धरणात मासे वाढवायच्या पिंजऱ्यांची भर कशाला? आमच्या घाटावर उन्हाळ्यात पाण्यात हात घालवत नाही.

भीमाकाठ: पुण्याच्या सांडपाण्याचा हिशेब आमच्या पिंजऱ्यांवर लावू नका. आणि फिशमीलमध्येही हाडांचा फॉस्फरस असतोच. रोहू-कटल्याला आम्लाचे जठरच नसते, तो त्यांना नीट पचत नाही. तेव्हा फिशमील घातले म्हणजे पाणी स्वच्छ राहते, हा आपला समज निराधार आहे.

उजनीप्रेमी: मी फिशमीलची बाजू घेतलीच नव्हती, न बोललेले माझ्या तोंडी घालू नका. पुणे दोषी आहे म्हणून तुम्ही निर्दोष ठरत नाही. फायटेट फोडणारे विकर, फायटेज, खाद्यात घालता का, एवढे सांगा.

भीमाकाठ: तयार तरंगत्या खाद्यात कंपनी घालते, असे विक्रेता सांगतो; पोत्यातल्या पेंडीत नाही. तेवढा मुद्दा तुमचा.

मत्स्यविद्यार्थिनी: शेंगपेंडीला बुरशी असेल तर अफलाटॉक्सिन या बुरशीच्या विषाचा धोका फॉस्फरसहून तातडीचा आहे. वास आलेले पोते कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नका.

रस्सेवाला: गोड्या पाण्याच्या माशाला पेंड चालते, एवढे मान्य करतो, ‘फसवणूक’ हा शब्द मागे घेतो, बाकी पोस्ट राहील. ओमेगा-३ च्या नावाने मासा विकायचा असेल, तर त्याला काय खाऊ घातले हे विक्रेत्याने सांगितलेच पाहिजे. मी तरी वडिलांसाठी बांगडाच आणीन.